एक दवाखाना, चार मस्टर

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आधी जाऊन बसा. मेडिकल ऑफिसरच्या टेबलावर एक मस्टर असतं, जिल्हा परिषदेचं. त्यावर रेग्युलर लोकांच्या सह्या. दुसरं मस्टर कपाटात, फायलींच्या खाली. ते एनएचएमचं, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांचं. तिसरं केंद्रात सहसा सापडत नाही. ते ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या बॅगेत असतं. सफाईच्या मावशी, गाडीचा ड्रायव्हर, कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा यांच्या सह्या तो येईल तेव्हा होतात. चौथं मस्टर कुणी छापलेलंच नाही. आशाताईंची हजेरी लागत नाही, त्यांचा मोबदल्याचा क्लेम भरला जातो. सरकारच्या कागदावर त्या स्वयंसेविका आहेत.

आणि हे चारही जण एकाच बाळंतिणीसाठी धावत असतात. आशाताई तिला घरून काढते, ठेकेदाराचा ड्रायव्हर आणून सोडतो, कंत्राटी सिस्टर बाळंतपण करते, रेग्युलर एलएचव्ही, म्हणजे आरोग्य सहायिका, रजिस्टर तपासून सही मारते.

मी याच खात्यात आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. शेवटची वर्षं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, टेबलावर गेली. संप झाला की पेपरात ‘आरोग्यसेवा कोलमडली’ असा मथळा यायचा, मंडपाचा फोटो यायचा. त्या मथळ्यामागे ऑफिसात आणि केंद्रांत काय चालायचं, ते सांगायला सहसा कुणी उरत नाही. नोकरीत असताना तोंड उघडता येत नाही आणि निवृत्तीनंतर लोक विसरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्याकडे दवाखाना कुणी एका दिवसात विकला नाही. तो पदापदानं सुटत गेला, आणि प्रत्येक सुटलेल्या पदाला वेगळं मस्टर मिळालं. मग संप झाले तेही वेगवेगळे झाले.

सुरुवात वाईट हेतूनं झाली, असं मी म्हणणार नाही. 12 एप्रिल 2005 ला केंद्रानं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणलं. त्याआधीचे दिवस मला आठवतात. उपकेंद्राला एक एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, तिच्याकडे पाच हजार लोकवस्ती, आणि बाळंतपणं घरी, अंधारात. अभियानातून आशाताई आल्या, उपकेंद्राला दुसरी एएनएम आली, औषधाला पैसा आला. बाया दवाखान्यात यायला लागल्या. पण ही सगळी माणसं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ऑर्डर संपली की एक दिवसाचा ब्रेक, मग नवी ऑर्डर. सलग नोकरीचा हक्क कुणी मागू नये म्हणून हा ब्रेक.

त्या ब्रेकच्या दिवसाची गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. त्या दिवशी सिस्टर नोकरीत नसते, तरी केंद्रात असते. बाळंतीण काय तारीख बघून येत नाही. एका केंद्रातली सिस्टर ब्रेकच्या दिवशी बाळंतपण करायची आणि रजिस्टरवर सही रेग्युलर बाईंची घ्यायची. मी तपासणीला गेलो की हे लगेच कळायचं: नोंदीचं अक्षर एकीचं, सही दुसरीची. मी कधी विचारलं नाही. त्या रेग्युलर बाईंनीच एकदा सांगितलं, “सर, हे लेकरू माझ्या हातावर झालेलं नाही. पण लिहावं तर लागतं ना.”

2014 च्या जानेवारीत 108 ची गाडी आली. राज्यभर 937 गाड्या, चालवायला खासगी कंपनी. गाडी चांगलीच होती; जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत साठेक किलोमीटर पेशंटला ऑक्सिजनवर नेणं आधी आमच्या कुवतीबाहेरचं होतं. पण गाडीतला डॉक्टर आणि ड्रायव्हर कंपनीचे. आमच्या मेडिकल ऑफिसरला त्यांना काही सांगायचं तर विनंती करावी लागायची. 2017 पासून रक्ताच्या तपासण्या महालॅबकडे गेल्या. ते काम एचएलएल या केंद्र सरकारच्याच कंपनीकडे, त्यामुळे त्याला खासगीकरण म्हणता येत नाही. पण केंद्रातल्या लॅब टेक्निशियनचं बरंचसं काम नमुन्यावर चिठ्ठी लावून मोटरसायकलवाल्या पोराच्या हाती देण्यावर आलं. साफसफाई ठेकेदाराकडे गेली. सुरक्षा ठेकेदाराकडे गेली. दर वेळी कारण एकच सांगितलं जायचं: पद रिक्त आहे, भरती होत नाही, काम तर चालवायचंय.

मग भरती का होत नव्हती? याचं उत्तरही ठेक्यातच होतं. 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या गट ‘क’ आणि ‘ड’ च्या परीक्षा घ्यायचं काम एका खासगी कंपनीला दिलं होतं. परीक्षा 25 आणि 26 सप्टेंबरला होती. आमच्या भागातली पोरं आदल्या दिवशीच गाड्या धरून निघाली, कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. रात्री परीक्षा पुढे ढकलल्याचा निरोप आला. आरोग्यमंत्री तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे आमदार राजेश टोपे. त्यांनी पोरांची जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ऑक्टोबरात परीक्षा झाली आणि पेपर फुटल्याचं पुणे सायबर पोलिसांनी उघड केलं. अटक झालेल्यांत आरोग्य खात्यातलाच एक सहसंचालक होता. पुढे त्या परीक्षा रद्द झाल्या. नवी जाहिरात निघाली ती 2023 च्या ऑगस्टमध्ये, 10,949 पदांची. मधल्या काळात त्या खुर्च्यांवर कोण बसलं? कंत्राटी. म्हणजे परीक्षा ठेक्यावर गेली, परीक्षा बुडाली, आणि त्यामुळे माणूसही ठेक्यावर घ्यावा लागला. माझ्या ओळखीचा एक पोरगा त्या परीक्षेत पास झाला असता की नाही, देव जाणे. पण वयात बसायची त्याची ती शेवटची संधी होती. आता तो जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो.

मध्ये कोविड येऊन गेला. 2 जानेवारी 2021 ला लसीकरणाची रंगीत तालीम झाली तेव्हा राज्यातून चार जिल्हे निवडले होते: पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना. आम्हाला फार अभिमान वाटला. चार मस्टरांचे लोक त्या दिवशी एका रांगेत उभे होते. कोण रेग्युलर, कोण कंत्राटी, कुणी विचारलं नाही. पीपीई किटच्या आत सगळे सारखेच दिसायचे. लाट ओसरली आणि तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेल्या पोरापोरींना घरी जायला सांगितलं. शेजारच्या बीडमध्ये 18 जून 2021 ला अशीच कामावरून कमी केलेली मुलं उपमुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यात दाद मागायला गेली आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. आमच्या ऑफिसात त्याचा व्हिडिओ फिरत होता. त्यात मार खाणाऱ्यांपैकी काही जण दोन महिन्यांपूर्वी ‘कोविड योद्धा’ म्हणून प्रमाणपत्रं घेत होते. आमच्या साहेबांनी तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

आता संपांकडे येतो.

14 मार्च 2023 ला राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. “एकच मिशन, जुनी पेन्शन” ही घोषणा त्या वेळची. आमच्याकडचे जवळजवळ सगळे रेग्युलर बाहेर होते; सिस्टर, फार्मासिस्ट, आरोग्यसेवक, शिपाई. त्याच दिवशी विधिमंडळानं अत्यावश्यक सेवेतल्या संपाला चाप लावणारं मेस्माचं विधेयक मंजूर केलं. सात दिवस संप चालला. त्या सात दिवसांत केंद्रं चालली कशी? एनएचएमच्या पोरींवर. सकाळची ओपीडी, रात्रीचं बाळंतपण, लसीकरणाचं सत्र, सगळं त्यांनी ओढलं. त्यांना जुनी पेन्शन सोडाच, नवीही नव्हती. मंडपात आमच्या एका संघटनेचा पदाधिकारी वैतागून म्हणाला, “ह्या पोरींनी दोन दिवस काळी फीत लावून काम बंद ठेवलं असतं ना, तिसऱ्या दिवशी सरकार बोलायला आलं असतं.” तिथेच बसलेल्या एका वयस्क सिस्टरनं त्याला विचारलं, “त्यांची ऑर्डर मार्चएण्डला संपायली. रिन्युअलला त्यांच्या बाजूनं तू जाशील का साहेबाकडं?” तो गप्प बसला.

सात महिन्यांनी पाळी उलटली.

त्याआधी 6 सप्टेंबर 2023 ला शासनाचा एक जीआर निघाला होता. सरकारी कामासाठी मनुष्यबळ पुरवायला नऊ खासगी एजन्सी नेमलेल्या, त्यात शिपायापासून इंजिनिअरपर्यंत सगळी पदं. राज्यभर पोरं रस्त्यावर आली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यातली 12 नवजात बाळं. माणसं अपुरी, औषधं अपुरी, हे सगळ्या देशानं पाहिलं. 20 ऑक्टोबरला उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो कंत्राटी भरतीचा जीआर रद्द करत असल्याचं जाहीर केलं. लोकांना वाटलं, मिटलं. पण रद्द झाला तो पुढच्या भरतीचा जीआर. आधीच कंत्राटी असलेले होते तिथेच राहिले. आशाताई 18 ऑक्टोबरपासून संपावर होत्याच. 25 तारखेला एनएचएमचे लोकही बाहेर पडले. मागणी एकच: दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काम केलंय, आता सेवेत कायम करा.

आता केंद्र चालवायची पाळी आम्हा रेग्युलरांवर. आणि आम्ही चालवली. मार्चमध्ये ज्या पोरींनी आमचा संप निभावून नेला होता, त्यांचा संप आम्ही ऑक्टोबरमध्ये निभावून नेला. दोन्ही वेळा प्रशासनाला फारशी तोशीस पडली नाही.

ऑफिसात मात्र पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. वरून फोन आला, संपावरच्या सगळ्यांना नोटिसा काढा, चोवीस तासांत हजर व्हा नाहीतर करार संपुष्टात येईल. साहेबांनी मला बोलावलं. नोटिशीसाठी यादी हवी: नाव, पद, ऑर्डर नंबर, कराराची तारीख. ही यादी एका एक्सेल फाइलमध्ये. फाइल कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरचा पासवर्ड कंत्राटी डाटा ऑपरेटरकडे. आणि तो मंडपात. आमच्यापैकी रेग्युलर माणसाला ती फाइल उघडता येत नव्हती, नोटीस टाइप करायला बसवावं असा दुसरा माणूस ऑफिसात नव्हता. सगळे अहवाल, माता-बालकांची नोंद, टीबीचं निक्षय पोर्टल, औषधांचा साठा, सगळं याच चार-पाच पोरांच्या लॉगिनवर चालायचं. साहेब म्हणाले, “तुम्हीच जाऊन विचारा. तुमचं ऐकतील.”

मी मंडपात गेलो. त्या पोरानं दोन मिनिटं विचार केला, मग माझ्याच डायरीत पासवर्ड लिहून दिला. म्हणाला, “सर, माझं नाव सहाव्या नंबरला आहे. पद चुकीचं पडलंय, तेवढं दुरुस्त करून नोटीस काढा. नाहीतर नंतर रेकॉर्डला अडचण येती.” नोटिसा निघाल्या. वाटायलाही मीच गेलो. पोच म्हणून सह्या घ्यायच्या होत्या. एकेकीनं सही केली, तारीख टाकली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांतल्या एका सिस्टरनं सही करता करता विचारलं, “सर, तुमची शुगरची गोळी आणली का आज? परवा विसरला होतात.” तिची कागदोपत्री नोकरी जायला चोवीस तास उरले होते, आणि तिला माझ्या गोळीची आठवण होती. मला तिथे उभं राहवेना.

दुसरा किस्सा एका केंद्रातल्या फ्रिजचा. लस ठेवायच्या फ्रिजला आम्ही आयएलआर म्हणतो. आतलं तापमान 2 ते 8 अंशांच्या मध्ये राहायला हवं. फ्रिजच्या झाकणावर एक तक्ता असतो. सकाळ-संध्याकाळ दोनदा थर्मामीटर बघून तापमान लिहायचं, समोर सही करायची. रविवार असो, दिवाळी असो. तक्त्यात एक रकाना कोरा राहिला तर आतली लस खराब झाली की नाही, हे कुणाला ठामपणे सांगता येत नाही. त्या केंद्रात हे काम एका कंत्राटी सिस्टरकडे होतं. ती संपावर गेली. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तेव्हा बघितलं, तक्त्यावर संध्याकाळचा आकडा लिहिलेला होता, 4.6. अक्षर तिचंच. समोरचा सहीचा रकाना कोरा.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, “सर, लाइट गेली होती दुपारी. जीव राहीना. सहा वाजता जाऊन बघून आले. सही नाही केली. सही केली तर संप मोडला ना माझा. आकडा लिहिलाय, तुमच्यापैकी कुणी सही करा.” गोवराची लस, बीसीजी, पोलिओ, गावातल्या चार-पाचशे लेकरांची लस त्या पेटीत होती. पुढचे बरेच दिवस तो तक्ता तसाच भरत गेला: आकडा एका हाताचा, सही दुसऱ्या हाताची. खात्यातल्या मोठ्या लोकांना हा तक्ता दाखवावा असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

मंडपातही एक वही होती. तिच्यात अतिजोखमीच्या मातांची यादी: गाव, कितवं बाळंतपण, रक्त किती, तारीख कोणती. ज्या मातेची तारीख जवळ आली तिच्या गावच्या रेग्युलर बाईला मंडपातून फोन जायचा, “मॅडम, अमुक वस्तीवरची सात ग्रॅम रक्तवाली, तिला दोन दिवस आधीच सिव्हिलला पाठवा.” आशाताईंचंही तसंच. ऑनलाइन अहवाल बंद, मीटिंग बंद, सर्व्हे बंद. टीबीच्या पेशंटची गोळी मात्र घरपोच. एक आशाताई मला म्हणाली, “कागद बंद केलाय आम्ही. माणूस कसा बंद करावा?” पेपरात ‘रुग्णांचे हाल’ छापून येत होतं, आणि हाल झालेही, ते मी नाकारत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, हाताला लागलेलं, सापविंचू चावलेलं माणूस केंद्रात यायचं आणि एकच सिस्टर बघून परत फिरायचं. पण हाल किती व्हायचे राहिले आणि ते कुणामुळे राहिले, हे कुठल्याच बातमीत आलं नाही.

बातमी न येण्याला आमच्या जिल्ह्यात आणखी एक कारण होतं. 25 ऑक्टोबर 2023, म्हणजे ज्या दिवशी एनएचएमचा संप सुरू झाला, नेमकं त्याच दिवशी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं दुसरं उपोषण सुरू झालं. सगळे कॅमेरे, सगळा बंदोबस्त, सगळे अधिकारी तिकडे. ते स्वाभाविकच होतं. अख्खा मराठवाडा तिकडे बघत होता. आमच्या ऑफिसावर वेगळाच ताण आला. उपोषणस्थळी वैद्यकीय पथक ठेवणं भाग होतं, आणि कंत्राटी लोक संपावर, म्हणून पथकात रेग्युलर डॉक्टर आणि सिस्टर. म्हणजे केंद्रं आणखी रिकामी. माझा एक सहकारी बीपीचं मशीन घेऊन तिकडे बसून असायचा. जरांगे तपासणीला नकार देत, हा रजिस्टरमध्ये ‘तपासणीस नकार’ लिहून परत यायचा. महिना अखेरीला आंदोलन पेटलं, एसटी बंद झाली. आमच्या संपकऱ्यांना मुंबईला आंदोलनासाठी निघायचं होतं; ते जालना बसस्थानकावरूनच परत फिरले. त्यांच्यातल्या कितीतरी पोरी मराठा घरातल्याच. नवरा अंतरवालीच्या मंडपात, बायको जिल्हा परिषदेच्या मंडपात, आणि लेकरं आजीकडे, असं त्या दिवसांत चाललं होतं.

पुढेही असंच होत राहिलं. 12 जानेवारी 2024 ला आशाताई पुन्हा संपावर गेल्या, कारण ऑक्टोबरच्या संपात कबूल केलेल्या वाढीचा जीआर निघालाच नव्हता. त्याच जानेवारीत अंतरवालीहून मुंबईकडे मोर्चा निघाला. आशाताई आझाद मैदानावर जाऊन बसल्या. जालन्याहून मुंबईची वंदे भारत नुकतीच, 30 डिसेंबरला सुरू झाली होती. आमच्या आशाताई गेल्या रात्रीच्या देवगिरीनं, जनरलच्या डब्यात, चटणी-भाकरी बांधून. तिथे त्या थंडीत फुटपाथवर झोपल्या. मार्चमध्ये अखेर महिन्याला 5,000 रुपयांची वाढ पदरात पडली. त्यात मैदानावरची रात्र न् रात्र मोजलेली आहे.

14 मार्च 2024 ला एनएचएमसाठीही जीआर निघाला: दहा वर्षं झालेल्यांचं रिक्त पदांवर समायोजन. मंडपातल्या लोकांनी पेढे वाटले. मग खरी शोधाशोध सुरू झाली. दहा वर्षं सिद्ध कशी करायची? दर अकरा महिन्यांची ऑर्डर हवी. 2009 ची ऑर्डर कुठे, 2011 ची कुठे? ऑफिस दोनदा बदललेलं, कपाटाला वाळवी लागलेली. बायांनी लग्नातल्या ट्रंका उपसल्या. एकीच्या सगळ्या ऑर्डरी मिळाल्या, पण लग्नानंतर नाव बदललेलं, त्याचा पुरावा मागितला. एकाचं पद असं की त्याला रेग्युलरमध्ये जोडीचं पदच नाही. अकाउंटंटचं समायोजन कुठे करणार? मी निवृत्त व्हायच्या बेतात होतो. माझ्या जुन्या डायऱ्यांत बदल्या, हजर झाल्याच्या तारखा लिहिलेल्या असायच्या. त्या पानांच्या झेरॉक्स मी वाटल्या. त्याचा कायदेशीर उपयोग शून्य होता, तरी बाया घेऊन गेल्या.

कायम माणसाचं एवढं कौतुक कशाला, असं मला कधी कधी विचारतात. त्यांना मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव सांगतो. ते आमच्या जिल्ह्यातल्या देहेडचे. 1970 च्या दशकात सरकारी डॉक्टर म्हणून रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट मरत होती. त्यांनी रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिले, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं मृत्यू रोखता येतात हे जगाला दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर झालं असतं का? एका गावातला एक रोग समजायला माणसाला तिथे राहावं लागतं, आणि पुढच्या महिन्यात आपण इथे असू, याची खात्री लागते. एवढ्याचसाठी पोरी भांडतायत. पगाराचा आकडा हा त्यातला अर्धाच भाग.

जगात दुसरीकडे हे कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. एल साल्वादोरमध्ये 2002-03 साली सरकारी दवाखाने खासगीकडे द्यायचा घाट घातला गेला, तेव्हा डॉक्टर आणि कर्मचारी एकत्र संपावर गेले. संप साधारण नऊ महिने चालला आणि लोक पांढरे कपडे घालून मोर्चात आले. माद्रिदमध्ये सहा सरकारी रुग्णालयं खासगी व्यवस्थापनाला द्यायची योजना होती. तिथेही डॉक्टर, नर्सेस, सफाई कामगार, पेशंट एकाच मोर्चात चालले, कोर्टातही गेले, आणि 2014 च्या जानेवारीत सरकारनं योजना सोडली. आमच्याकडे सगळे लढले, आणि जीव तोडून लढले. फक्त एका वेळी नाही. मे 2022 मध्ये सरकारी नर्सेस बाह्यस्रोतातून नर्स भरायच्या निर्णयाविरुद्ध संपावर गेल्या. मार्च 2023 मध्ये रेग्युलर. ऑक्टोबरमध्ये आशा आणि एनएचएम. 108 चे ड्रायव्हर वेगळे. जुलै 2025 मध्ये पुन्हा नर्सेस, पुन्हा कंत्राटी भरतीच्याच विरोधात. आणि 19 ऑगस्ट 2025 पासून पुन्हा एनएचएम, दीड वर्षापूर्वीच्या त्या समायोजनाच्या जीआरची अंमलबजावणी करा म्हणून. त्याच ऑगस्टच्या अखेरीस अंतरवालीचं आंदोलन आझाद मैदानावर पोचलं, आणि टीव्हीवर एनएचएमचं नावही आलं नाही.

मधल्या काळात जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज झालं. 9 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या कॉलेजांचं ऑनलाइन उद्घाटन केलं, त्यात आमचं एक, शंभर जागांचं. कॉलेज सरकारी झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. जिल्हा रुग्णालय खासगी संस्थेला जोडून मेडिकल कॉलेज काढायची नीती आयोगाची योजना 2020 पासून कागदावर होतीच. आपल्याकडे तसं झालं नाही. पण नव्या कॉलेजात वॉर्ड कोण झाडणार, स्ट्रेचर कोण ओढणार, रात्रीच्या ड्युटीला सिस्टर कुठल्या मस्टरवरची येणार, हे विचारायची वेळ आत्ताच आहे. नंतर ते विचारून उपयोग होत नाही, हे आम्ही केंद्रांत पाहिलेलं आहे.

2025 च्या ऑगस्टच्या संपात मी निवृत्त माणूस म्हणून मंडपात जाऊन बसायचो. एका दुपारी तिथे जुलैमध्ये संपावर गेलेली एक रेग्युलर सिस्टर ड्युटी संपवून आली, युनिफॉर्मवरच. पोरींनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, “जुलैत आमच्या वेळेला वॉर्ड तुम्ही बघितला. आता तुमच्या वेळेला आम्ही बघायलो. आपण दोघीबी एकमेकींचा संप मोडायलो, समजतंय का?” एक क्षण कुणी बोललं नाही. मग एनएचएमच्या एका पोरीनं विचारलं, “मॅडम, पुढच्या वेळी तुमच्या संघटनेच्या निवेदनात आमची मागणी टाकाल का? पहिल्या नंबरला नाही, शेवटी टाका. पण टाका.” सिस्टरनं मला कागद मागितला. माझ्या पिशवीत वहीचा एकच कोरा कागद होता. त्यावर दोघींनी मिळून मागण्या लिहायला घेतल्या. सफाईच्या मावशींचं किमान वेतन कितव्या नंबरवर घ्यायचं, यावरून त्यांचं बराच वेळ जमेना. शेवटी आशाताईंपैकी एकीनं ते तीन नंबरला घ्यायला लावलं आणि तो कागद त्याच रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर गेला.